लेकीच्या मापाचं लाइफ जॅकेट

आधी पत्र, थोडं आखडून:

“दादा, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं तारकर्लीला निघालोय. मी, नवरा, सात वर्षांची लेक आणि सासूबाई. बोटीतून देवबागचा संगम, सिंधुदुर्ग किल्ला आणि लेकीच्या हट्टापायी बनाना राइड (स्पीड बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या लांबट रबरी फुग्यावरची सफर) असा बेत आहे. लेकीचं वजन 21 किलो, पोहायला नुकती शिकतेय. तिच्यासाठी ऑनलाइन एक जॅकेट पाहिलं, ‘वजन क्षमता 120 किलो’, किंमतही परवडणारी. नवरा म्हणतो, तिथे देतातच, विकत कशाला? तो स्वतः उत्तम पोहतो, त्यामुळे जॅकेट घालायला कुरकुरतो. सासूबाई पाचवारी नेसतात आणि जॅकेटमध्ये जीव घुसमटतो म्हणतात. शिवाय मुळशीला मित्राच्या घरी कयाक (वल्ह्यानं चालवायची छोटी होडी) आहे, तिथेही आमचं जाणं असतं. एकच जॅकेट सगळीकडे चालेल का? नेमकं काय बघून घ्यायचं? — एक वाचक, पुणे”

ताई,

सुरुवात त्या 120 किलोंपासूनच करतो, कारण हा आकडा भल्याभल्यांना फसवतो. वाचणाऱ्याला वाटतं, 120 किलोचा माणूस तोलून धरणारं जॅकेट आहे, मग आपली 21 किलोची पोर त्यात निर्धास्त. पण पाण्यात उतरल्यावर आपलं बहुतेक वजन पाणीच पेलतं. भरलेली घागर विहिरीत पाण्याखाली असेपर्यंत किती हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की दोराला कसा हिसका बसतो, ते ज्यानं पाणी शेंदलंय त्याला सांगावं लागत नाही. माणसाचंही तसंच. मोठ्या माणसाचं डोकं पाण्यावर राहायला साधारण 3 ते 5 किलोंचा जादा आधार पुरतो. म्हणून जॅकेटची ताकद माणसाच्या वजनात सांगत नाहीत, उसळीत, म्हणजे पाण्यात वर ढकलणाऱ्या जोरात सांगतात. तिचं माप न्यूटन. 10 न्यूटन म्हणजे ढोबळमानानं 1 किलोची उसळी. ज्या जॅकेटवर ‘120 किलो’ एवढंच लिहिलंय आणि न्यूटनचा आकडा कुठेच नाही, त्याच्या विक्रेत्यानं तुम्हाला कामाचं काहीच सांगितलेलं नाही. फार तर ती मापाची वरची मर्यादा असेल, आणि तसं असेल तर ते जॅकेट तुमच्या लेकीचं नाहीच.

याच ओघात आणखी एक गैरसमज काढून टाकतो. जाड माणसाला जास्त उसळीचं जॅकेट लागतं असं सगळे धरून चालतात. चरबी पाण्यावर तरंगते, हाडं आणि स्नायू बुडतात. त्यामुळे सडपातळ, पीळदार अंगाचा माणूसच जास्त खाली जातो. मोठ्यांचं जॅकेट छातीच्या घेरावर निवडायचं, मुलांचं वजनावर.

आता लेबल. जॅकेटच्या आतल्या बाजूला, पाठीवर किंवा बगलेपाशी ते शिवलेलं असतं. चांगल्या जॅकेटवर आयएसओ 12402 हा मानकाचा क्रमांक आणि 50, 100, 150 किंवा 275 यांपैकी एक आकडा असतो. 50 म्हणजे पोहता येणाऱ्यासाठी, शांत पाण्यात, काठ आणि मदत जवळ असताना वापरायचं. खरं तर त्याला लाइफ जॅकेट म्हणूच नये. ते तरंगायला मदत करतं, पण माणूस बेशुद्ध होऊन पालथा पडला तर त्याला उताणा करील याचा भरवसा नाही. 100 पासून पुढे खरं लाइफ जॅकेट सुरू होतं. त्याला मानेमागे कॉलर असते, पुढच्या बाजूला फोम जास्त असतो आणि त्याची घडणच अशी की शुद्ध हरपलेल्या माणसाचंही तोंड आकाशाकडे राहावं. 150 खोल समुद्रासाठी, 275 जड कपडे आणि अवजारं अंगावर घेऊन समुद्रात काम करणाऱ्यांसाठी. तुमच्या लेकीला 100 चं हवं आणि त्यावर तिच्या वजनाचा टप्पा छापलेला हवा, 20 ते 30 किलो असा काहीतरी. मुलांच्या जॅकेटवरचा 100 हा दर्जाचा आकडा असतो. प्रत्यक्ष उसळी मुलाच्या अंगाच्या मानानं कमी ठेवलेली असते, त्यात फसवणूक नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच जॅकेटांवर आयआरएस, म्हणजे इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग या जहाजं तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असल्याचा शिक्का दिसतो. जहाजांवरच्या जॅकेटांवर सोलास या समुद्रातल्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा उल्लेख असतो. तो नियम फार कडक आहे. 24 तास गोड्या पाण्यात बुडवून ठेवल्यावरही जॅकेटची उसळी 5 टक्क्यांहून जास्त घटता कामा नये. सोलासमध्ये मुलांचं माप 15 ते 43 किलो असं भलतंच रुंद आहे आणि जॅकेट अंगावर अवजड वाटतं, त्यामुळे सहलीसाठी तेच घ्या असं मी म्हणणार नाही. पण कुठलाही शिक्का असो, त्यासोबत मान्यतेचा क्रमांक छापलेला आहे का ते बघा आणि दुकानदाराकडे प्रमाणपत्राची प्रत मागा. ज्याच्याकडे असते तो लगेच दाखवतो.

एवढं सगळं लेबलचं झालं. पण ताई, मला तुम्हाला जे कळकळीनं सांगायचंय ते लेबलवर नसतं. जॅकेट पाण्यात वर येतंच, फोमच आहे तो. प्रश्न असा की ते वर येताना माणसाला सोबत घेऊन येतं का.

वीस वर्षांपूर्वी मी एका खाडीत बोटीवर कामाला होतो. हंगाम भरात होता, मुलांच्या मापाची जॅकेटं संपली होती. आठेक वर्षांच्या एका मुलाला मी मोठ्या माणसाचं जॅकेट घातलं आणि वरून सुताच्या दोरीनं छातीशी दोन वेढे देऊन घट्ट गाठ मारली. मुलाच्या आईनं विचारलं, “दादा, सैल नाही ना?” मी जॅकेट पुढून ओढून दाखवलं. हललं नाही. पुढच्या दहा मिनिटांत तो मुलगा रबरी बोटीवरून पाण्यात पडला. पडताना माणूस हात वर करतो, त्यानंही केले. जॅकेट वर आलं आणि मूल खाली गेलं. मला पाण्यावर नारिंगी कापड दिसत होतं आणि त्याच्या दोन्ही भोकांतून वर आलेले दोन तळवे. डोकं आत होतं. मी उडी मारून त्याला कमरेला धरून वर घेतलं, तेव्हा त्याचं नाक जॅकेटच्या कॉलरखाली दाबलेलं होतं. पोर वाचलं. खोकून खोकून पाणी काढलं त्यानं, मग रडला, आणि ते रडणं ऐकून मला हातपाय आठवले. गाठ शेवटपर्यंत सुटली नव्हती. ती घट्टच होती, पण जॅकेटला वर सरकण्यापासून अडवणारं खालून काहीच नव्हतं.

म्हणून मुलांच्या जॅकेटमध्ये मी सगळ्यात आधी जांघेतला पट्टा बघतो. पाठीमागून निघून दोन पायांमधून पुढे येणारा आणि बक्कलला अडकणारा. 21 किलोच्या मुलीला कंबर आणि खांदे यांत फारसा फरक नसतो, त्यामुळे छातीचा पट्टा कितीही आवळला तरी जॅकेट वर सरकतंच. हा पट्टा नसलेलं जॅकेट तिच्यासाठी घेऊ नका, मग ते कितीही नामांकित असो. दुसरी गोष्ट कॉलर. मुलांचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं, त्यामुळे ती पाण्यात चटकन पुढे कलंडतात. मानेमागे उशीसारखा फोम हवा. त्या कॉलरला वरून एक मजबूत कडी किंवा मूठ हवी, बोटीतून वाकून पोर उचलता येईल अशी. दुकानात ती मूठ धरून जॅकेट झटका देऊन ओढून बघा, शिवण करकरली तर ठेवून द्या. शिट्टी बांधलेली हवी. रंग नारिंगी, पिवळा किंवा लाल. निळी जॅकेटं दुकानात गोड दिसतात, पण लाटेत दहा हातांवरून दिसत नाहीत. चंदेरी परावर्तक पट्ट्या असतील तर संध्याकाळी टॉर्चच्या उजेडात चमकतात.

हाताचे फुगे, कमरेची ट्यूब आणि खेळण्यांच्या दुकानातले कार्टूनवाले पोहण्याचे बनियन, ही तरणतलावातली खेळणी. बोटीत त्यांचं काम नाही.

घालून बघायची रीत अशी. लेकीला रोजच्या कपड्यांवर जॅकेट घाला, आधी कमरेचा पट्टा आवळा, मग छातीचा, मग जांघेचा. तिला दोन्ही हात सरळ वर करायला सांगा. आता तिच्यामागे उभं राहून जॅकेटचे दोन्ही खांदे धरा आणि वर उचला. तिचे पाय जमिनीवरून सुटतील इतकं उचला, ती हसेल. जॅकेट तिच्या हनुवटीच्या किंवा कानांच्या वर गेलं तर माप चुकलं. जॅकेट जागेवर राहून पोर उचलली गेली तर बरोबर. “वाढत्या अंगाचं घेऊ, दोन वर्षं चालेल” हा फ्रॉकचा हिशेब इथे करू नका.

मग सोसायटीच्या किंवा पोहण्याच्या क्लासच्या तलावात तिला ते घालून एकदा उतरवा. तुम्ही किंवा बाबा पाण्यात, हात तिच्या पाठीखाली. मान मागे टाकायला शिकवा, आभाळाकडे बघायला शिकवा. पहिल्यांदा मुलं घाबरून पाय खाली सोडतात आणि हात आपटतात, जॅकेट त्यांना उताणं करतं ते त्यांना आवडत नाही. हे घाबरणं तारकर्लीच्या लाटेत होण्याऐवजी पुण्यातल्या तलावात होऊन जाऊ द्या. दोनतीन खेपांत ती आरामात तरंगेल आणि शिट्टीही वाजवून दाखवील.

तिथे देतातच, हे तुमच्या नवऱ्याचं म्हणणं खरं आहे. देतात. आमच्याकडच्या पोरांना मी नावं ठेवणार नाही, त्यांच्यातले कितीतरी जण जीव ओतून काम करतात. पण भाड्याच्या जॅकेटांचं आयुष्य बघा. दिवसभर उन्हात वाळूवर पडलेली, रात्री ओलीच एकावर एक रचलेली, आणि बोटीत पर्यटक तीच बुडाखाली घेऊन बसलेले. बसून बसून फोम दबतो, त्यातली हवा जाते आणि उसळीही जाते. मुलांची मापं तर हमखास कमी पडतात. म्हणून लेकीचं घरून न्या. तुम्ही मोठे तिघं तिथलं वापरू शकता, पण हातात देताक्षणी बघून घ्या. फोम चिमटीत दाबा, सोडल्यावर पुन्हा फुगला पाहिजे. खड्डा तसाच राहिला किंवा आत चुरा झाल्यासारखं लागलं तर दुसरं मागा. कापडाचा नारिंगी रंग उडून फिकट गुलाबी झाला असेल तर उन्हानं धागाही कुजलेला असतो, खांद्याची शिवण दोन्ही हातांनी ताणली की कळतं. बक्कल लावून तीन वेळा हिसका द्या. तुटलेल्या बक्कलच्या जागी गाठ मारलेली असेल तर ते घेऊ नका. कुबट वास येत असेल आणि जॅकेट वजनाला जड लागत असेल तर फोमनं पाणी प्यायलंय. हे सगळं बघायला एक मिनिट लागतं. मागे रांग असली तरी ते मिनिट घ्या, कुणी काही म्हणत नाही. म्हटलं तर म्हणू द्या.

आणखी एक. बोटीच्या कडेला किंवा आत किती माणसांची परवानगी आहे ते रंगवलेलं असतं. महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना विचारायला संकोच करू नका. डोकी मोजा. मगच पाय ठेवा.

बनाना राइडमध्ये शेवटी मुद्दाम वळण देऊन सगळ्यांना पाण्यात पाडतात, त्यातच मजा असते लोकांना. तुमच्या लेकीला बसवायचंच असेल तर निघण्याआधी तांडेलला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, स्पष्ट सांगा, “उलटायचं नाही.” तो ऐकतो. तिच्यामागे बाबांनी बसायचं, आणि दोघांच्याही अंगावर जॅकेट. जेट स्की आणि बंपर राइडलाही हेच. वेगात पाण्यावर आपटलं की सैल जॅकेट अंगातून निघून जातं, म्हणून तिथे किमान दोन-तीन आडवे पट्टे असलेलं हवं, नुसत्या चेनवर भरवसा नको.

आता तुमच्या नवऱ्याशी बोलतो, हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या.

दादा, तुम्ही चांगलं पोहता यात मला शंका नाही. पण बोट कलंडते तेव्हा माणूस सूर मारून पाण्यात जात नाही. तो पाठीवर पडतो, डोक्याला बोटीची कड लागते, कुणीतरी अंगावर कोसळतं, नाकातोंडात पाणी जातं. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीड बोट आदळली. दुपारची वेळ, मुंबईचा किनारा नजरेच्या टप्प्यात, आणि बहुतेक प्रवाशांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. दुसऱ्याच दिवसापासून गेटवेच्या बोटींवर जॅकेट सक्तीचं झालं. अमेरिकेचं तटरक्षक दल दरवर्षी नौकाविहारातल्या अपघातांचा अहवाल काढतं. त्यात वर्षानुवर्षं हेच दिसतं की बुडून गेलेल्यांपैकी दहांत आठांहून जास्त जणांच्या अंगावर जॅकेट नसतं. बोटीत ठेवलेलं जॅकेट वेळेला घालू, असंही मनात आणू नका. लाटेत हातपाय मारत असताना पट्टे लावणं सराव असलेल्या माणसालाही जड जातं, कधी तरणतलावात करून बघा. आणि यापलीकडे, बोट उलटली तर तुम्ही कुणाकडे जाणार? लेकीकडे. भेदरलेलं 21 किलोचं मूल गळ्याला मिठी मारतं, हात मोकळे राहत नाहीत. त्या वेळी पोहणं कामाला येत नाही, तुमच्या छातीवरचा फोम येतो.

सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांचा जीव घुसमटतो, कारण त्यांना बहुधा लहान मापाचं जॅकेट मिळतं आणि ते छातीवर आवळून बांधतात. बाजूला पट्टे असलेलं मोठ्या घेराचं मागा. मुख्य पट्टा छातीवर न आवळता फासळ्यांच्या खाली, कमरेच्या वर आवळायचा. श्वास भरून घ्यायला सांगा आणि त्या भरल्या श्वासावर पट्टा बसवा. साडीचा प्रश्न जास्त खरा आहे. पाचवारीच्या निऱ्या भिजल्या की पायांना गुंडाळतात, आणि जांघेचा पट्टाही लावता येत नाही. नऊवारीत काष्टा असल्यानं पाय मोकळे राहतात, आमच्या कोळणी नऊवारी नेसून कमरेएवढ्या पाण्यात उतरतात ते उगाच नाही. त्या दिवसापुरता पंजाबी ड्रेस घालायला सासूबाई तयार झाल्या तर उत्तमच, ओढणी मात्र खोलीत ठेवून यायची. नाहीच झाल्या तर पदर कमरेला घट्ट खोचून तो जॅकेटच्या आत घ्या, वर मोकळा सोडू नका. पर्सही जॅकेटवरून अडकवू नका.

त्यांना तयार करायची युक्ती सांगतो, माझ्या आईवर चाललेली आहे. आजीच्या जॅकेटची बक्कलं लावायचं काम नातीला द्या. तिला घरी शिकवून ठेवा, कमरेचं आधी, छातीचं नंतर. नातीनं स्वतः लावलेलं बक्कल आजी काढत नाहीत.

बोटीला छप्पर किंवा ताडपत्रीचे पडदे असतील तर सासूबाईंना आणि लेकीला मोकळ्या कडेला बसवा, पडदा गुंडाळून वर बांधायला लावा. जॅकेट घातलेला माणूस उलटलेल्या बोटीच्या आत अडकला तर जॅकेटच त्याला वर दाबून धरतं, खाली बुडी मारून बाहेर येणं कठीण होतं. याचा अर्थ जॅकेट काढून बसा असा नाही. बसायची जागा निवडा.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथलं पाणी फार देखणं आहे आणि ओहोटीला तितकंच ओढाळ. वाळूच्या दांड्यावर बोट लागली की लोक सगळ्यात आधी जॅकेट काढून फोटो काढतात आणि गुडघाभर पाण्यात चालत सुटतात. दोन पावलांवर तळ संपतो तिथे. लेकीचं जॅकेट खोलीवर परत येईपर्यंत अंगावरच राहू द्या.

मुळशीच्या कयाकबद्दल. एकच जॅकेट सगळीकडे चालेल का, हे तुम्ही विचारलंय. लेकीचं चालेल, तिचं 100 चंच राहू द्या. तुमच्या नवऱ्यासाठी मात्र वेगळं घ्यायला हरकत नाही. कॉलरवाल्या जॅकेटात वल्हं मारताना हात घासतात, मान अडते, आणि मग माणूस ते काढून मागे ठेवतो. कयाकसाठी आखूड, बगलेत मोकळं, 50 न्यूटनचं जॅकेट मिळतं, ते पोहणाऱ्याला काठाजवळ पुरतं. पण काठाजवळच. धरणाचं पाणी शांत दिसतं म्हणून त्याला तळं समजू नका. 21 मे 2024 ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. मोकळ्या पाण्यावर वारा सुटायला वेळ लागत नाही. तुम्हाला पोहता येतं का ते पत्रात नाही. येत नसेल तर कयाकमध्येही 100 चंच.

गॅसनं फुगणारी जॅकेटं ऑनलाइन दिसतील, अंगावर पट्ट्याएवढी बारीक, फार आकर्षक. शिडाच्या होड्यांवरच्या जाणत्या माणसांसाठी ती चांगली आहेत. मुलांना नको, बनाना राइडला आणि जेट स्कीला नको. त्यांचा सिलिंडर वेळोवेळी तपासावा लागतो, आणि आपोआप फुगणाऱ्यांत पाण्यानं विरघळून सिलिंडर सुरू करणारी गोळी असते, ती कोकणातल्या दमट हवेतही दगा देते.

मोठ्यांसाठी नवं फोमचं जॅकेट घेतलंत तर घरी एक परीक्षा करता येते. वाण्याकडे असतं तसं 5 किलोचं लोखंडी माप जॅकेटला घट्ट बांधा आणि पाण्याच्या मोठ्या टाकीत किंवा पिंपात सोडा. लोखंड पाण्यात साधारण सव्वाचार-साडेचार किलोच भरतं, तेव्हा 50 न्यूटनच्या जॅकेटनं ते सहज वर धरलं पाहिजे. 100 च्या जॅकेटनं 10 किलोचं माप धरलं पाहिजे. तासाभरानं पुन्हा बघा, खाली गेलं असेल तर आत भलतंच काहीतरी भरलंय, परत पाठवा. मी एका भाच्यानं स्वस्तात आणलेलं जॅकेट असं सोडलं होतं, ते पाच किलोंसकट तळाला जाऊन बसलं. उसवून पाहिलं तर आत पॅकिंगचे फोमचे तुकडे होते. व्यायामशाळेतली प्लास्टिकच्या आवरणाची वजनं यासाठी घेऊ नका, त्यांत सिमेंट असतं आणि हिशेब चुकतो. या परीक्षेत उतरलं म्हणजे जॅकेट उत्तम असं नाही, पण नापास झालेलं वापरायचं नाही एवढं नक्की कळतं. लेकीच्या जॅकेटला मात्र ही परीक्षा लावू नका. तिची परीक्षा तलावातच.

तारकर्लीहून आल्यावर जॅकेट गोड्या पाण्यात बुचकळून खारं पाणी काढा, सावलीत हँगरवर वाळवा, वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. कपाटात खाली दडपून ठेवायचं नाही, टांगायचं. मे महिन्यात पुन्हा कुठे निघालात तर आधी लेकीचं वजन करा. मुलं एका वर्षात दोनतीन किलो सहज वाढतात. ती 30 च्या पुढे गेली की हे जॅकेट एखाद्या धाकट्या भावंडाला द्या. देताना जांघेचा पट्टा जॅकेटलाच अडकवलेला आहे ना ते बघा, कारण हातोहात फिरताना पहिला तोच हरवतो.